दीर्घकालीन विषाणुजन्य यकृतदाह

यकृताचा दाह सहा महिन्यांहून अधिक टिकला, तर तो दीर्घकालीन मानतात. विषाणूंमुळे होणाऱ्या अशा दाहामागे बहुधा हिपॅटायटिस बी किंवा सी असतो. डी विषाणूला पसरण्यासाठी बीचे आवरण लागते. म्हणून तो बीच्या रुग्णालाच होतो आणि यकृत अधिक वेगाने खराब करतो. दूषित पाण्यातून येणारा ए जुनाट होत नाही. ई क्वचित, प्रतिकारशक्ती दबलेल्यांत रेंगाळतो.

हा आजार वर्षानुवर्षे कावीळ न होता चालतो. त्यामुळे डोळे पिवळे नाहीत किंवा झाडपाल्याने कावीळ उतरली, एवढ्यावर निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. यकृतपेशींचे नुकसान मुख्यतः विषाणू नव्हे, तर त्याच्यावर तुटून पडणारी आपलीच प्रतिकारशक्ती करते. त्यातून व्रण साठत सिऱ्होसिस, म्हणजे यकृत कडक व निबर होण्याचा आजार, होतो. बीमध्ये सिऱ्होसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

बी जुनाट होईल का, हे लागण कोणत्या वयात झाली यावर ठरते: जन्मावेळी आईकडून झाल्यास सुमारे 90 टक्के बाळांत, प्रौढपणी झाल्यास 5 टक्क्यांहून कमी जणांत. म्हणूनच लसीचा पहिला डोस जन्मानंतर 24 तासांत द्यायचा असतो. हा डोस दवाखान्यात द्यायचा राहून गेला, तर सहाव्या आठवड्याची लस त्याची भरपाई करत नाही. आईची एचबीएसएजी चाचणी (रक्तात बीच्या आवरणाचे प्रथिन शोधणारी) पॉझिटिव्ह असल्यास बाळाला इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) दुसऱ्या मांडीत, शक्यतो 12 तासांत देतात.

बीचा वर्तुळाकार डीएनए पेशीकेंद्रात ठाण मांडतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर ही विषाणूरोधक औषधे त्याच्या प्रती थांबवतात, त्याला उपटून काढत नाहीत. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद केल्यास दाह जोराने उसळतो, कधी यकृत निकामी होण्यापर्यंत.

सी मात्र पेशीकेंद्रात साठा करत नाही, त्यामुळे तो समूळ जातो. सोफोसबुव्हिर 400 मिग्रॅ. आणि डॅक्लाटॅसव्हिर 60 मिग्रॅ. रोज, 12 आठवडे घेतल्यास 90 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. सिऱ्होसिस बळावला असेल तर रायबाव्हिरिन जोडतात किंवा मुदत 24 आठवडे करतात. औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) न सापडणे, हाच बरे झाल्याचा पुरावा. प्रतिपिंड (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) शोधणारी चाचणी पुढेही पॉझिटिव्ह येत राहते आणि तिच्यावरून बऱ्या झालेल्यांना उगाच आजारी ठरवले जाते. उपचारापूर्वी एचबीएसएजी तपासणे आवश्यक आहे, कारण सी हटताच दबलेला बी डोके वर काढू शकतो. सीवर लस नाही. बरे झाल्यावरही दूषित सुईतून पुन्हा लागण होते.