आरपी आणि ‘अ’ जीवनसत्त्व: एका शिफारशीची पार्श्वभूमी

आरपी या डोळ्याच्या आनुवंशिक आजारात ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस घ्यावेत, ही शिफारस जवळजवळ तीस वर्षे वादात राहिली. मराठीत ‘रातांधळेपणा’ हा एकच शब्द दोन निराळ्या दुखण्यांना लावला जातो आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक रातांधळेपणा कुपोषणाचा. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की होतो, वेळेवर डोस मिळाला की हटतो. लहान मुलांना दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचा डोस पाजण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला तो यासाठीच. दुसरा आनुवंशिक: रेटिनायटिस पिगमेंटोसा, रुग्णांच्या तोंडी नुसते ‘आरपी’. यात खाण्यापिण्यात काही कमी नसते. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशीच मरत जातात. नावही फसवे. ‘आयटिस’ म्हणजे दाह, आणि आरपीचे मूळ दाहात नाही. एकोणिसाव्या शतकात चिकटलेले नाव अजून निघालेले नाही.

बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालयातल्या एलियट बर्सन या ज्या नेत्रशास्त्रज्ञाच्या कामाभोवती पुढचा वाद फिरतो, त्याची खरी कमाई माझ्या मते मोजमापाची आहे. प्रकाशाच्या झोताला पडदा जी विजेची लहर देतो ती ईआरजी तपासणीत दिसते. आरपी वाढलेल्या डोळ्यात ही लहर इतकी क्षीण होते की जुनी यंत्रे ‘काहीच नाही’ म्हणून मोकळी व्हायची. त्याच्या प्रयोगशाळेने संगणकाच्या मदतीने एका मायक्रोव्होल्टहून कमी लहरही पकडली. त्यामुळे आजार दरवर्षी किती पुढे सरकतो हे आकड्यात सांगता येऊ लागले. १९९० मध्ये त्याच्याच सहकाऱ्यांसोबत आरपीचे पहिले जनुक सापडले: अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडाकार पेशींतल्या ऱ्होडॉप्सिन प्रथिनाचे. त्यात २३व्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेले होते. दोष फक्त दंडाकार पेशींत असताना पुढे भरउजेडात आणि रंग पाहणाऱ्या शंक्वाकार पेशीही का मरतात, हे कोडे तेव्हापासून ठळक झाले.

मग त्याचीच १९९३ ची चाचणी: जीवनसत्त्वांनी आरपी मंदावतो का? १८ ते ४९ वयाचे ६०१ रुग्ण, चार गट, चार ते सहा वर्षे पाठपुरावा. काहींना रोज १५,००० युनिट ‘अ’, काहींना ४०० युनिट ‘ई’, काहींना दोन्ही, काहींना नाममात्र मात्रा. सुरुवातीला ज्यांची लहर बऱ्यापैकी होती त्यांच्यात ‘अ’ घेणाऱ्यांची लहर निम्म्यावर येण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी कमी निघाली आणि ‘ई’ घेणाऱ्यांची ४२ टक्क्यांनी जास्त. यावरून शिफारस झाली: आरपीच्या बहुतेक प्रौढ रुग्णांनी ‘अ’ घ्यावे, ‘ई’चे मोठे डोस टाळावेत.

आक्षेप त्याच वर्षी आले आणि ते किरकोळ नव्हते. फरक दिसला तो ईआरजीत. रुग्णाला प्रत्यक्ष जाणवते ती दृष्टी, म्हणजे नजरेचा आवाका. त्यात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक नव्हता. लहर जपली म्हणजे नजर जपली, हे गृहीत धरले गेले. शिवाय रुग्णांचे जनुक तेव्हा माहीत नव्हते. कितीतरी निरनिराळे आजार एका नावाखाली एका टोपलीत आले होते. उलट बाजूचे म्हणणेही समजण्यासारखे आहे: दुसरा काहीच उपाय नसताना, स्वस्त गोळी मंद का होईना मदत करते असे दिसत असेल तर ती थांबवायची कशाला? पण ती निरुपद्रवी नव्हती. दरवर्षी यकृताची तपासणी करावी लागे आणि गरोदरपणी एवढा डोस वर्ज्य होता. तरी शिफारस जवळजवळ तीस वर्षे टिकली. त्या काळात तिच्या जोडीला माशांचे तेल आले, ल्युटिन हे पालेभाज्यांतले रंगद्रव्य आले.

२०२३ मध्ये त्याच रुग्णालयातल्या पुढच्या पिढीने जुन्या चाचण्यांच्या माहितीचा साठा पुन्हा उघडला. आता जनुकांची माहिती हाताशी होती. ती धरून हिशेब मांडला तर ‘अ’ जीवनसत्त्वाचा सर्वसाधारण फायदा दिसलाच नाही.

दरम्यान जनुक-उपचाराने वेगळी वाट धरली. २०१७ अखेर अमेरिकेत मंजूर झालेला, डोळ्याच्या आनुवंशिक आजारावरचा असा पहिला उपचार आरपीई६५ जनुकातल्या दोषासाठी आहे. डोळ्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचे जे रूप पुन्हा वापरता यावे लागते, ते घडवणारे विकर (एन्झाइम) याच जनुकातून बनते. तेच नसेल तर बाटलीभर कॅप्सूल खाऊनही उजेड पडत नाही. एबीसीए४ जनुकाच्या आजारात, म्हणजे स्टारगार्ट या पडद्याच्या आनुवंशिक विकारात, तर जादा ‘अ’ टाळायलाच सांगतात, कारण त्याचा विषारी गाळ पडद्याखाली साचतो.