पाळी गेली की पिशवी काढली?

कापूस वेचता वेचता बायकांच्या गोष्टी चालतात, तेव्हा ही दोन वाक्यं एकमेकींच्या जागी बिनदिक्कत येतात. एक म्हणते, "माही पाळी गेली." दुसरी म्हणते, "माही पिशवी काढली." ऐकणारीला दोन्हीचा अर्थ एकच लागतो: सुटली बाई एकदाची.

आमच्या घरात दोन्ही आहेत. आईची पाळी ४८व्या वर्षी आपली आपण गेली. मोठ्या मायची पिशवी ३६व्या वर्षी काढली. आम्ही बरीच वर्षं दोघींना एकाच तागडीत तोललं.

पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. पाळी चालते ती त्यांच्या जोरावर, कारण इस्ट्रोजेन हे हार्मोन तिथे तयार होतं. चाळिशीनंतर हा जोर ओसरू लागतो. पाळी कधी पंधरा दिवसांत येते, कधी तीन महिने दडी मारते. सलग १२ महिने आली नाही, की मग म्हणायचं गेली. आपल्याकडे हे साधारण ४६-४७च्या आसपास होतं. चाळिशीच्या आतच गेली तर मात्र "लवकर सुटली" म्हणून खूश न होता डॉक्टरला दाखवावं.

पिशवी काढली की पाळी त्याच दिवशी बंद होते, कारण रक्त जिथून यायचं ती जागाच राहत नाही. पण अंडाशयं जागेवर ठेवली असतील तर इस्ट्रोजेन सुरूच राहतं. अशा बाईचा पाळी जाण्याचा काळ पुढे तिच्या वेळेवर येतो, कधी वर्ष-दोन वर्षं आधी. पंचाईत अशी, की पाळीच नसल्यामुळे तो आल्याचं तिला कळत नाही. एकाएकी मानेपासून डोक्यापर्यंत वाफ चढते, दोन-चार मिनिटांत उतरते, रात्री लुगडं घामानं भिजतं. मे महिन्यात तर सगळा दोष उन्हालाच जातो. विचारलं तर ती म्हणणार, "माही पाळी तं कधीचीच गेली, मंग आता हे काय नवं?"

आणि पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर ज्या उतरणीला आईला तीन-चार वर्षं लागली ती काही दिवसांत होते. वाफा जास्त, झोप कमी, लघवीची आग, अंगाला कोरडेपणा, आणि हाडांची झीज दहा-बारा वर्षं आधीच सुरू. मोठी माय ऑपरेशननंतर महिन्याभरात रात्र-रात्र ओसरीत बसून राहायची, कारण नसताना रडायची. घरच्यांनी अंगारा आणला. मी तेव्हा शाळेत होते, पण तिला कोणी "तुले काय होते" असं नीट विचारल्याचं मला आठवत नाही.

वाफांचं नि चिडचिडीचं बहुतेकींना काही वर्षांत कमी होतं. पण उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली, जेवण सुटलं, जीव नकोसा वाटू लागला, तर ते वयाच्या खात्यात टाकू नये. टेली मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

उपचारातही फरक पडतो. हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या ठरल्या तर पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही लागतं, नाहीतर पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पिशवी नसलेलीला बहुधा एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं. म्हणून शेजारणीची गोळी आपल्याला चालत नाही. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला तर ती "परत आलेली पाळी" नव्हे. एक थेंब असला तरी दवाखाना गाठायचा. पिशवी काढलेलीनंही.

हाडांसाठी दोघींना सारखंच. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध-दही, तीळ, राजगिरा ताटात हवा. जवसाची चटणी आपल्या घरात असतेच, ती चांगलीच, पण कॅल्शियमची सारी भिस्त तिच्यावर नको. निंदण-वेचणी करणारीला व्यायामाचं वेगळं सांगायची गरज नाही, असं मला आधी वाटायचं. पण दिवसभर वाकून काम करणं वेगळं आणि ताठ मानेनं अर्धा तास चालणं वेगळं.

पिशवी कधी काढावीच लागते. मोठी गाठ असते, औषधानं न थांबणारं रक्त असतं, कॅन्सर असतो. पण नुसतं अंगावरून पांढरं जातं म्हणून काढणं मला पटत नाही, त्यातलं बरंचसं गोळ्यांनी बरं होतं. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा आमच्याकडे लोक "तिकडचं आहे" म्हणून मोकळे झाले.

मागच्या पावसाळ्यात मोठी माय गोठ्यात घसरली. पडणं साधंच होतं, पण मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरनं विचारलं, अंडाशयं ठेवली होती का? घरात कोणालाच माहीत नव्हतं. पेटीतून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलेलं जुनं डिस्चार्ज कार्ड काढलं. टीएएच एवढंच लिहिलेलं असतं तर फक्त पिशवी काढली असा अर्थ होता. पुढे अधिकचं चिन्ह होतं आणि बीएसओ. म्हणजे दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशयं.

मी तिला वाचून दाखवलं. ती प्लास्टर केलेला हात मांडीवर घेऊन थोडा वेळ कार्डाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्या तं फकस्त पिशवीसाठी आंगठा देल्ला होता."