मसाला चहा

मसाला चहा : चहाची पूड, आले-वेलदोड्यासारखे मसाल्याचे पदार्थ, साखर व दूध एकाच पातेल्यात उकळून गाळलेले गरम पेय. किटलीत पूड मुरवून दूध वरून घालण्याच्या इंग्रजी पद्धतीत पूड उकळत नाही व दूध शिजत नाही. येथे दोन्ही गोष्टी होतात. चवीतील खरा फरक त्यामुळे पडतो, मसाल्याचा क्रम त्यानंतरचा. महाराष्ट्रात रोजच्या चहातही बहुधा आले किंवा गवती चहाची पात असतेच. मसाल्याची तयार पूड घातली, तरच त्याला मसाला चहा म्हणण्याची रीत आहे. या नोंदीत दोन्ही प्रकार एकत्र घेतले आहेत.

उगम : हे पेय पाच हजार वर्षांपूर्वी कोणा राजाच्या दरबारात तयार झाले, अशी कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. तिला आधार नाही. सुंठ, मिरी व पिंपळी यांचे काढे जुने आहेत, हे खरे. परंतु त्यांत चहाची पाने नव्हती. ईशान्येकडील सिंगफो लोक चहाची पाने वापरत. ती परंपरा स्वतंत्र असून तिच्यात दूध व साखर नाही.

लिखित पुरावा सुरतेचा आहे. १६३८ मध्ये तेथे आलेला जर्मन प्रवासी मँडेलस्लो रोजच्या बैठकींत चहा घेतला जात असल्याचे लिहितो; स्थानिक लोक व डच-इंग्रज व्यापारी दोघेही तो घेत. पोट साफ करणारे औषध म्हणूनही तो त्याचा उल्लेख करतो. १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याचे वर्णन (प्रकाशन १६९६) अधिक नेमके आहे. चहाच्या पाण्यात काही उष्ण मसाले घालून ते उकळत, डोकेदुखी व पोटातील मुरड्यावर ते गुणकारी मानत आणि खडीसाखरेबरोबर, क्वचित मुरवलेल्या लहान लिंबांबरोबर पीत, असे तो सांगतो. मसाला, साखर व उकळणे ही तिन्ही अंगे येथे आहेत. दूध मात्र नाही. लिंबाचा उल्लेख पाहता ते असणेही कठीण.

या उताऱ्यावरून मसाला चहाचा उगम सतराव्या शतकातील गुजरातेत मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष सुरतेचा चहा हा चीनहून समुद्रमार्गे येणारा महाग माल होता, याकडे बोट दाखवतो. बंदरातील व्यापाऱ्यांचे औषधी पेय आणि घराघरांतील आजचा चहा यांच्यामध्ये सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर पडते. हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. फिलिप लटगेंडॉर्फ यांच्यासारखे अलीकडचे अभ्यासकही चहा सर्वसामान्यांचे पेय होणे ही विसाव्या शतकातील घटना मानतात. सुरतेच्या नोंदीतून एवढेच ठरते की, चहा हाती येताच त्याला काढ्याच्या रीतीने उकळण्याकडे पश्चिम भारतातील लोकांचा कल होता.

रॉबर्ट ब्रूस याला आसामात देशी चहाची झाडे १८२३ च्या सुमारास आढळली. १८३४ मध्ये सरकारी चहा समिती नेमली गेली आणि १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये लिलाव झाला. पुढील काही दशके हा माल मुख्यतः निर्यातीसाठी होता. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) झाले, त्यात न्या. रानडे व टिळक हेही गोवले गेले. तेथील आक्षेप ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेण्यावर होता, चहाच्या कृतीवर नव्हे, म्हणून या विषयाला त्याचा उपयोग मर्यादित. देशांतर्गत खप वाढवण्याचे पद्धतशीर प्रयत्न १९०३ च्या चहा उपकर कायद्यानंतर सुरू झाले व जागतिक मंदीनंतर वाढले. ताजे पाणी, मोजून घेतलेली पूड, झाकलेली किटली, दूध नंतर, असा त्या प्रचारातील धडा होता. फेरीवाले दूध-साखर वाढवून व मसाला घालून पुडीची बचत करीत, ते प्रचारकांना खपत नसे, असे सामान्यतः सांगितले जाते. लोकांनी चहा घेतला, पद्धत घेतली नाही.

निर्णायक बदल यंत्राने घडवला. पाने दाताळ रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून दाणे करण्याची सीटीसी पद्धत आसाममधील अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर याने १९३० च्या सुमारास बसवली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ती देशभर रुळली. सीटीसी दाण्याला लगेच व गडद रंग येतो, तो दुधात दबत नाही, आणि अख्ख्या पानापेक्षा पुडीचा दर कपामागे कमी पडतो. दूध घालून उकळलेला स्वस्त चहा शक्य झाला तो त्यामुळे. घरगुती मसाला चहाचे आजचे रूप म्हणून १९३० ते १९७० च्या दरम्यान स्थिरावले असे मानण्यास हरकत नाही.

घटक : चहा सीटीसी प्रतीचाच हवा. दार्जिलिंगचा पानाचा चहा दुधात उकळणे म्हणजे त्याचा सुगंध घालवण्यासाठी पैसे मोजणे होय. दाणेदार पूड उकळण्यास तीन-चार मिनिटे घेते, बारीक भुकटी दीड-दोन मिनिटांत उतरते. भुकटी दाण्याइतका वेळ उकळल्यास चहा कडवट होतो. पुष्कळ घरांत दोन्ही मिसळून ठेवतात, दाणा तीन भाग व भुकटी एक भाग. सोललेल्या वेलदोड्यांची साले चहाच्या डब्यात टाकण्याची जुनी सवय उपयुक्त आहे, मात्र साले कोरडी असावीत.

पिशवीच्या दुधात टोन्ड दुधाची स्निग्धता ३ टक्के, प्रमाणित दुधाची ४.५ टक्के व फुल क्रीमची ६ टक्के असते. मसाल्यातील सुगंधी तेले व मिऱ्याचे पायपरीन पाण्यापेक्षा स्निग्धांशात अधिक विरघळतात. त्यामुळे पातळ दुधातील मसाला चहा घशाला तिखट लागतो, पण तोंडात भरत नाही. ४.५ टक्क्यांचे दूध बहुतेकांना मानवते. बोअरचे जड पाणी टाळावे. त्यातील चुन्याच्या क्षारांमुळे चहा काळपट दिसतो व वर तवंग धरतो.

मसाल्यांत आले व वेलदोडा प्रमुख. ताज्या आल्यात जिंजेरॉल असते. आले वाळवल्यावर त्याच्या काही भागाचे शोगाओल बनते आणि तिखटपणा वाढतो, म्हणून सुंठ आल्यापेक्षा बरीच कमी लागते. लवंगेतील युजेनॉल लवकर वरचढ होते. दोन कपांना एक लवंग पुरे. बाजारात दालचिनी म्हणून बहुधा मिळणारी जाड साल फार वेळ उकळल्यास पाण्याला बुळबुळीतपणा आणते.

कोरड्या मसाल्याचे एक भरवशाचे प्रमाण : सुंठ २० ग्रॅम, वेलदोडे १५ ग्रॅम, मिरी ७ ग्रॅम, दालचिनी ५ ग्रॅम, लवंग ३ ग्रॅम आणि पाव जायफळ. जिन्नस भाजू नयेत, वेलदोड्याचे तेल उडते. दमट असल्यास तासभर उन्हात ठेवावेत. सुंठ आधी ठेचून बारीक करावी, नाहीतर तिचे तंतू राहतात. पूड चाळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. दोन कपांना पाव चमचा, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, या हिशेबाने ही पूड शंभरएक वेळा पुरते. दीड-दोन महिन्यांत संपेल एवढीच करावी.

कृती : प्रत्येकी १५० मिलि. च्या दोन कपांसाठी २२५ मिलि. पाणी व १५० मिलि. दूध घ्यावे. ७५ मिलि. च्या आसपास भाग वाफेने व चोथ्यात जातो. पाण्यात इंचभर (६ ते ८ ग्रॅम) आले ठेचून घालावे आणि आधण ठेवावे. किसलेले आले अधिक तिखट उतरते, पण गाळणी तुंबवते. गवती चहा घालायचा असल्यास दोन पाती कात्रीने कापून याच वेळी घालाव्यात. पाणी खळखळून उकळू लागल्यावर तीन मिनिटे जाऊ द्यावीत, मग साखर दोन ते तीन चमचे व चहाची पूड दोन सपाट चमचे (साडेचार ते पाच ग्रॅम) घालावी. आच मध्यम करून दोन मिनिटे उकळावे. रंग तांबूस-काळा झाला पाहिजे. दूध आधी तापवलेले असावे. ते घालून मसाल्याची पूड किंवा ठेचलेले दोन वेलदोडे टाकावेत. चहा वर येऊ लागला की आच कमी करावी, खाली बसला की पुन्हा वाढवावी. असे दोन-तीन कढ पुरेत. झाकण ठेवून मिनिटभर मुरू द्यावा व लगेच गाळावा.

वेलदोडा शेवटी घालण्याचे कारण त्याचे तेल बाष्पनशील आहे. स्वयंपाकघरभर दरवळ सुटला, म्हणजे तो कपात उरला नाही. साखरेच्या वेळेने चवीत फारसा फरक पडत नाही. तिच्या वेळेवरून घराघरांत होणारे वाद निष्फळ आहेत.

दूध फाटणे : मसाला चहातील सर्वांत जास्त आढळणारा बिघाड. त्याची कारणे तीन, व ती एकमेकांत मिसळली जातात. पहिले, दूधच शिळे असणे. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असतो; तो थोडाही उतरला की थंड असताना चांगले दिसणारे दूध उकळीत फाटते. उरलेले दूध वाटीभर वेगळे तापवून पाहावे.

दुसरे कारण आले. ताज्या आल्यात जिंजिबेन नावाचे प्रथिन तोडणारे विकर (एन्झाइम) असते. दुधातील केसीन या प्रथिनाचे कण ज्या आवरणामुळे सुटे राहतात त्यालाच ते कापते, आणि दूध आंबट नसतानाही गोठते. सुमारे ६० अंश सेल्सिअसला हे विकर सर्वांत क्रियाशील असते. ७० च्या पुढे ते झपाट्याने निकामी होऊ लागते व उकळत्या पाण्यात काही मिनिटांत संपते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात गरम दूध आल्याच्या रसावर ओतून खरवसासारखा गोड पदार्थ लावतात, तो याच गुणावर. चहात नेमके हेच टाळायचे असते. कच्चे आले थंड दुधात घालून हळूहळू तापवणे ही म्हणूनच सर्वांत वाईट पद्धत. दूध विकराला अनुकूल तापमानातून सावकाश जाते. आले आधी पाण्यात उकळले की प्रश्न मिटतो. दूध उकळत असताना वरून आले किसून घातल्यास बहुधा निभावते, कारण तेथे तापमान आधीच वर असते. कोमट दुधात मात्र निभावत नाही. सुंठेने दूध सहसा फाटत नाही.

तिसरे कारण गूळ. गूळ किंचित आम्लधर्मी असतो व त्यात खनिज क्षारही असतात. दोहोंमुळे केसीनची उष्णता सहन करण्याची शक्ती घटते. आंबूस रसाचा किंवा जुना, पाझरलेला गूळ हमखास फाडतो. कोल्हापुरी असो वा अन्य. गुळाचा चहा करताना आच बंद करावी, मिनिटभर थांबावे, मग किसलेला गूळ कपात किंवा गाळलेल्या चहात ढवळावा. पुन्हा उकळू नये. आले व गूळ दोन्ही असल्यास दोन्ही सूचना पाळाव्यात. एकीने भागत नाही.

इतर दोष : चहा तुरट लागतो तो पूड फार वेळ पाण्यात उकळल्याने. दुधाचे केसीन टॅनिनांना बांधून तुरटपणा कमी करते, म्हणून रंग उतरताच दूध घालावे. दूध घातल्यावर दहा-पंधरा मिनिटे आटवल्यास शिजल्या दुधाचा वास वर येतो. काहींना तो आवडतो. पाणचट चहाला पूड वाढवणे हा उपाय, वेळ वाढवणे नव्हे. चोथ्यासह झाकून ठेवलेला चहा तासाभरात कडू होतो. साठवायचाच तर गाळून साठवावा.

प्रकार : पुण्यातील अमृततुल्य दुकाने राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी रूढ केली. तेथे पितळी भांड्यात आले-वेलदोडा ताजा कुटून चहा उकळतात व फडक्यातून गाळतात. गुजराती घरांत हिरवी गवती चहाची पात व पुदिना एकत्र घालतात. इराणी हॉटेलांतील चहात मसाला नसतो. धणे-जिऱ्याचा गोव्यातील कसाय हा चहाविरहित काढा असल्याने येथे मोडत नाही.

आरोग्य व भेसळ : चहातील टॅनिने वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात, रक्तक्षय असलेल्यांनी जेवणानंतर तासभर चहा टाळावा. पुडीत वापरलेला चोथा रंगवून मिसळलेला आढळतो. ओल्या गाळणकागदावर चिमूटभर पूड पसरल्यास रंगवलेली पूड लगेच तांबडे-पिवळे डाग सोडते, शुद्ध पूड सोडत नाही. लोखंडाचा कीस लोहचुंबकाने ओळखता येतो.