व्हीलॅन तुमच्या पीसीत नसतो हो!

परवा आमच्या ऑफिसात अकाउंट्सच्या एका मॅडमनी जागा बदलली, पीसी उचलून खिडकीपाशी नेला, भिंतीतल्या पॉइंटला केबल लावली आणि टॅली काही उघडेना. पीसी तोच, केबल तीच, मग बिघडलं काय? एक जण म्हणाला ती जागाच पनवती आहे, आधीचाही तिथे रडायचा. पनवती बिनवती काही नाही, त्या पॉइंटमागचा स्विचचा (सगळ्या केबली जिथे जुळतात त्या डब्याचा) पोर्ट १० नंबरच्या व्हीलॅनमध्ये होता आणि अकाउंट्सचा व्हीलॅन २०.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे न कापता केलेले तुकडे. "हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कोणाचा रे?" असं एखादा पीसी ओरडला तर ते फक्त त्याच्याच तुकड्यात ऐकू जातं, दुसरीकडे जायचं तर राउटरमधून जा, आणि आमचा राउटर १० मधल्याला टॅलीच्या सर्व्हरपर्यंत सोडत नाही.

आता खरी गंमत. पीसीला यातलं काहीच माहीत नसतं, तो साधी फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, सोडतो. ॲक्सेस पोर्ट, म्हणजे पीसी लावायचा एकाच व्हीलॅनचा पोर्ट, ती घेतो आणि ठरवतो, माझ्यातून आलीस ना, मग तू २० ची. दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचकडे ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवरून, जाताना फ्रेममध्ये पाठवणाऱ्याच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला) लागूनच स्विच ४ बाइटचा टॅग घुसवतो. पहिल्या दोनात हेक्स (१६ च्या पद्धतीतला आकडा) ८१००, म्हणजे 'हा टॅग आहे', उरलेल्या १६ बिटांत ३ प्राधान्याचे, १ गर्दीत आधी टाकून दिली तरी चालेल का याचा, आणि १२ व्हीलॅन नंबरचे. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात, ० आणि ४०९५ राखीव, म्हणून ४०९४ व्हीलॅन! फ्रेम १५१८ ची १५२२ बाइट होऊ शकते, शेवटची चेकसमही (फ्रेम धड पोचली का ते तपासायचा आकडा) नव्याने काढावी लागते, आणि पलीकडचा ॲक्सेस पोर्ट टॅग काढून फ्रेम पुन्हा साधी करून देतो. हे ८०२.१क्यू स्टँडर्ड १९९८ चं, अजून तेच चालतंय.

सिस्कोच्या स्विचवर त्या पोर्टात शिरून दोन ओळी: 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस', 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०'. पहिली ओळ लोक गाळतात, मग काही स्विच समोरच्याशी बोलणी करून परस्पर ट्रंक होऊन बसतात, म्हणजे त्या एका पोर्टातून दुसरे व्हीलॅनही गाठता येऊ शकतात, आणि वर "व्हीलॅन केलेत, आता हॅकिंग अशक्य" म्हणून सांगणारे आहेतच.

मॅडमचा पोर्ट २० केला, केबल काढून परत लावली, नवा आयपी आला, टॅली उघडलं. जुन्या जागेचा पोर्ट मात्र अजून २० मध्येच होता, तिथे उद्या कुणी ट्रेनी बसला असता तर थेट अकाउंट्सच्या नेटवर्कात, म्हणून तो तेव्हाच १० करून टाकला.