गुप्त मतपेटीतला धर्म कसा शोधतात?

जुलै १९३२ च्या निवडणुकीत जर्मनीत नाझी पक्षाला ३७.३ टक्के मते पडली. प्रोटेस्टंटबहुल श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये ५१ टक्के, कॅथलिकबहुल कलोन-आखेनमध्ये जेमतेम २० टक्के. पण मतपत्रिकेवर धर्म लिहिलेला नसतो. मग कुणी कुणाला मत दिले, हे कसे काढायचे?

समजा, एका जिल्ह्यात १०० मतदार आहेत, ९० प्रोटेस्टंट आणि १० कॅथलिक. नाझींना ४० मते मिळाली. दहाही कॅथलिकांनी नाझींना मत दिले असे धरले, तरी उरलेली ३० प्रोटेस्टंटांचीच. म्हणजे प्रोटेस्टंटांचा पाठिंबा ३३ ते ४४ टक्क्यांमध्येच असणार, हे पक्के. कॅथलिकांचा मात्र ० ते १०० काहीही असू शकतो! म्हणून जवळपास एकाच पंथाचे जिल्हे फार मोलाचे असतात. मिश्र जिल्ह्यांतून फारसे कळत नाही. टक्केवारी नेहमी एकूण मतदारांवर काढावी. पडलेल्या मतांवर काढली, तर घरी बसलेले मतदार हिशेबातून निसटतात.

आकडेमोड बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो, तो वेगळ्याच ठिकाणी. १९५० मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी दाखवले, की अमेरिकेत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती, पण माणसागणिक पाहिले तर तेच लोक जास्त निरक्षर होते. ते साक्षर राज्यांत जाऊन राहत, एवढेच.

मग जर्मनीतला फरक खरोखर धर्माचा, की शेती, गरिबी, बेकारीचा? श्पेंकुख आणि टिलमन या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर सुरेख तोड काढली. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने जर्मनीतल्या प्रत्येक संस्थानात राजाचा पंथ तोच प्रजेचा ठरवला होता. पावणेचारशे वर्षांपूर्वी राजाने केलेली पंथाची निवड १९३२ च्या बेकारीमुळे झालेली नसणार. त्या निवडीच्या आधारे हिशेब केला, तरी फरक टिकला.

पण त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. जिथले पाद्री नाझींना अनुकूल होते, तिथे कॅथलिकांचे वेगळेपण बरेचसे विरले. श्रद्धा तीच, चर्चचा शब्द वेगळा. कॅथलिकांचा स्वतःचा पक्ष १८७० पासून होता आणि बिशपांनी नाझींविरुद्ध जाहीर ताकीद दिली होती. माझ्या मते बांध घातला तो या संघटनेने. ती ताकीद बिशपांनी २८ मार्च १९३३ रोजी मागे घेतली. शेवटची बहुपक्षीय निवडणूक ५ मार्चलाच उरकली होती, त्यामुळे या माघारीचा मतांवर काय परिणाम झाला असता, हे मोजायला मतपेटीच उरली नाही.