इटलीची शरणागती आणि बाजूबदल (१९४३)

दुसऱ्या महायुद्धात जुलै ते ऑक्टोबर १९४३ या जेमतेम तीन महिन्यांत इटलीने हुकूमशहा मुसोलिनीला घालवलं, दोस्त राष्ट्रांशी गुपचूप तह केला आणि ज्या जर्मनीसोबत तीन वर्षं लढत होती तिच्याचविरुद्ध युद्ध पुकारलं, त्या सगळ्या घडामोडींना मिळून हे नाव देता येईल. महायुद्धाचा टर्निंग पॉइंट म्हटलं की स्टालिनग्राड, अल अलामेन, मिडवे हीच नावं तोंडावर येतात आणि त्यात चूक काहीच नाही, पण रणांगणावरचा पराभव आणि राजवाड्यातलं राजकारण एकाच आठवड्यात एकमेकांत गुंतलेलं बघायचं असेल तर इटलीच बघावी.

इटलीची अवस्था आधीच वाईट होती. रशियात डॉन नदीवर पाठवलेली सव्वादोन लाखांच्या आसपासची फौज १९४२-४३ च्या हिवाळ्यात पार उद्ध्वस्त झाली, मार्च १९४३ मध्ये तुरिनच्या कारखान्यांत संप झाले (फॅसिस्ट राजवटीत संप म्हणजे केवढी हिंमत लागली असेल), आणि १३ मेला ट्युनिशियात जर्मन-इटालियन सैन्याने हत्यारं टाकली तेव्हा उत्तर आफ्रिका हातची गेली. मग १० जुलैला दोस्तांनी सिसिलीत सैन्य उतरवलं, पॅटनची अमेरिकन सातवी आर्मी आणि मॉन्टगोमेरीची ब्रिटिश आठवी आर्मी. १९ जुलैला पाचशेपेक्षा जास्त अमेरिकन विमानांनी रोमवर बॉम्ब टाकले, सान लोरेंझो वस्तीची धूळधाण झाली, आणि नेमकं त्याच दिवशी मुसोलिनी उत्तर इटलीतल्या फेल्त्रेला हिटलरचं लांबलचक भाषण ऐकत बसला होता. आम्हाला आता युद्ध झेपत नाही एवढं एक वाक्य त्याने तिथे बोलावं अशी त्याच्याच सेनापतींची अपेक्षा होती, पण ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

खरा खेळ २४ जुलैला संध्याकाळी पाच वाजता सुरू झाला. फॅसिस्ट ग्रँड कौन्सिल म्हणजे मुसोलिनीच्या पक्षाची सर्वोच्च समिती, तिची मीटिंग डिसेंबर १९३९ नंतर भरलीच नव्हती, ती आता रोमच्या पालात्झो व्हेनेझियात भरली. कौन्सिलचाच एक सदस्य दिनो ग्रांदी याने ठराव मांडला की सैन्याचं सर्वोच्च नेतृत्व राजाने पुन्हा स्वतःकडे घ्यावं, म्हणजे सभ्य भाषेत मुसोलिनीला नारळ. ग्रांदी सोबत हातबॉम्ब घेऊन गेला होता असं त्यानेच नंतर सांगितलंय, जिवंत बाहेर येऊ याची खात्री कुणालाच नव्हती. चर्चा मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच, शेवटी रात्री अडीचच्या सुमाराला मतदान झालं, १९ ठरावाच्या बाजूने, ८ विरोधात, एक तटस्थ. बाजूने मत देणाऱ्यांत मुसोलिनीचा सख्खा जावई चानो पण होता.

गंमत म्हणजे मुसोलिनीला याचं फार काही वाटलं नाही, कौन्सिलचं मत म्हणजे नुसता सल्ला असं धरून तो दुसऱ्या दिवशी, रविवारी, नेहमीसारखा ऑफिसात गेला आणि संध्याकाळी राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याला भेटायला त्याच्या निवासस्थानी, व्हिला सावोयाला पोचला. राजाने सांगितलं की तुमच्या जागी माजी सेनाप्रमुख मार्शल बादोल्योला नेमलंय. बाहेर आल्यावर काराबिनिएरी पोलिसांच्या कॅप्टनने, तुमच्या सुरक्षेसाठीच आहे, असं म्हणत त्याला ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं आणि जवळजवळ २१ वर्षांची सत्ता त्या गाडीतून निघून गेली. त्याच्या बाजूने रस्त्यावर कुणी उतरलं नाही, उलट रात्री रेडिओवर बातमी आली तसे लोक घराबाहेर आले आणि फॅसिस्ट चिन्हं फोडत सुटले.

इथपर्यंत सगळं सफाईने झालं, पुढचे ४५ दिवस मात्र निव्वळ घोळ. बादोल्योने एकीकडे जाहीर केलं की युद्ध चालूच राहील आणि दुसरीकडे जनरल कास्तेल्लानोला गुपचूप लिस्बनला पाठवून दोस्तांशी बोलणी लावली. कासाब्लांकाच्या परिषदेत दोस्तांनी आधीच बिनशर्त शरणागतीच हवी असं ठरवलं होतं त्यामुळे घासाघिशीला जागा नव्हती, तरी दिवस जात राहिले, आणि हिटलर काही दूधखुळा नव्हता, त्याने त्याच दिवसांत ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीतून डिव्हिजनमागून डिव्हिजन इटलीत घुसवल्या. माझ्या मते इटलीचं खरं नुकसान या दीड महिन्यानेच केलं, निर्णय योग्य होता पण तळ्यात-मळ्यात करण्यात तो वाया घालवला.

३ सप्टेंबरला सिसिलीत कासिबिले इथे सह्या झाल्या. रोमजवळ अमेरिकन पॅराट्रूपर उतरवायचाही बेत होता, त्यासाठी अमेरिकन जनरल टेलर ७ तारखेच्या रात्री लपूनछपून रोममध्ये पोचला तर बादोल्योची काहीच तयारी नव्हती, त्याला अजून वेळ हवा होता, मग तो बेत आयत्या वेळी रद्द झाला. ८ सप्टेंबरला संध्याकाळी साडेसहाला दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवरने अल्जियर्स रेडिओवरून तह जाहीर करूनच टाकला, तासाभराने बादोल्योलाही बोलावं लागलं. त्याच्या घोषणेत दोस्तांवरचे हल्ले थांबवा आणि 'इतर कुणीही' हल्ला केला तर प्रतिकार करा असं होतं, जर्मन हा शब्दच नाही. आता बाल्कनमधल्या एखाद्या ठाण्यावरच्या इटालियन अधिकाऱ्याने यातून काय समजायचं? वरून दुसरा हुकूम नाही, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे राजा, बादोल्यो आणि बडे सेनापती रोममधून पसार झाले आणि जहाजाने ब्रिंडिसीला पोचले.

सैन्य वाऱ्यावर. ६ लाखांहून जास्त इटालियन सैनिकांना जर्मनांनी पकडून छावण्यांत मजुरीला नेलं. ग्रीसच्या केफालोनिया बेटावर इटलीची आक्वी डिव्हिजन जर्मनांशी लढली, शरण आल्यावर तिच्यातल्या हजारोंना गोळ्या घातल्या. इटलीची रोमा ही युद्धनौका ९ तारखेला जर्मन रेडिओ-नियंत्रित बॉम्बने बुडाली, १३०० पेक्षा जास्त माणसं गेली. १२ सप्टेंबरला जर्मन छत्रीधारी सैनिकांनी ग्रान सास्सो डोंगरावरच्या हॉटेलातून मुसोलिनीला सोडवलं आणि गार्दा तलावाकाठच्या सालोत त्याचं बाहुलं सरकार बसवलं, त्याच सरकारने जानेवारी १९४४ मध्ये चानोला गोळ्या घातल्या. १३ ऑक्टोबर १९४३ ला राजाच्या सरकारने जर्मनीशी युद्ध पुकारलं, म्हणजे एका देशात दोन इटल्या एकमेकींविरुद्ध.

दोस्तांना वाटलेलं रोम पटकन मिळेल. दक्षिण इटलीतल्या सालेर्नोला ९ सप्टेंबरला उतरले आणि रोममध्ये शिरायला ४ जून १९४४ उजाडला, मध्ये मोंते कास्सिनोचा डोंगर, जिथे लढाई महिनोन्महिने अडकली. या लांबलेल्या लढाईत भारतीय चौथी, आठवी आणि दहावी डिव्हिजन होत्या आणि त्यांत आपले मराठा लाइट इन्फंट्रीवालेही. नाईक यशवंत घाडगे, आताच्या रायगड जिल्ह्यातले, १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात सेक्शनमधली बाकीची माणसं पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्बने ती बंद पाडली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने दोघांना लोळवलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आताच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना तोच सन्मान ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी मिळाला. इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती २ मे १९४५ ला लागू झाली, मुसोलिनीला पार्टिझनांनी, म्हणजे फॅसिस्टविरोधी गनिमांनी, २८ एप्रिललाच मारलं होतं.

राजाचा हिशोब २ जून १९४६ ला झाला. राजेशाही ठेवायची का नाही यावर सार्वमत झालं आणि सुमारे ५४ टक्क्यांनी प्रजासत्ताकाला कौल दिला. व्हिक्टर इमॅन्युएलने महिनाभर आधीच मुलासाठी गादी सोडली होती, त्याचा उपयोग झाला नाही. उत्तरेने, जिथे जर्मन सर्वांत जास्त काळ होते, राजाला साफ नाकारलं, आणि दक्षिणेत, जिकडे तो पळून गेला होता, बहुमत राजाच्याच बाजूने पडलं.