झोन आला, पण कशाने?

इनक्युबेटरमधून प्लेट काढली की मुलं आधी ती खिडकीच्या उजेडात धरतात. अगारच्या जेलीवर जिवाणूंचा दुधी थर, आणि निर्गुडीच्या अर्काच्या खड्ड्याभोवती स्वच्छ, नितळ कडं. "मॅडम, झोन आला!" झोन म्हणजे हेच कडं, जिथे जिवाणू वाढले नाहीत.

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात हे दरवर्षी ऐकते, आणि दरवर्षी आधी शेजारचा खड्डा बघते. त्यात अर्क नसतो, नुसतं अल्कोहोल असतं. यंदा त्याच्याभोवतीही जवळजवळ तेवढंच कडं होतं. म्हणजे निर्गुडीबद्दल अजून काहीच कळलं नव्हतं.

पानं घोडबंदर रोडवरच्या एका विद्यार्थिनीच्या अंगणातली. (येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथलं पान परवानगीशिवाय तोडायचं नाही.) सावलीत सुकवून मिक्सरवर दळली, पूड अल्कोहोलमध्ये भिजवली. सावलीतच का? निर्गुडीला उग्र वास देणारी तेलं उन्हाने उडून जातात. चीनच्या तू यूयू यांनाही मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती लागलं ते उकळणं सोडून, ईथरने कमी तापमानाला अर्क काढल्यावर. 2015 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

दुसऱ्या खेपेला अल्कोहोल पूर्ण उडवलं आणि उरलेला चिकट, काळपट हिरवा अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला. मिलिलिटरला साधारण 15 कोटी जिवाणू असलेलं द्रावण प्लेटवर फिरवलं, 37 अंशांवर रात्रभर ठेवलं. आता नुसत्या डीएमएसओभोवती काही नाही. अर्काभोवती स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या प्लेटवर लहानसं कडं, ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूच्या प्लेटवर मात्र शून्य. ई. कोलायला बाहेरून आणखी एक पडदा असतो, बरीच द्रव्यं तिथेच अडतात.

कडं लहान म्हणून अर्क कमजोर, असंही नाही. मोठे रेणू अगारमधून हळू सरकतात, त्यामुळे नुसत्या मिलिमीटरवरून दोन वनस्पतींची तुलना करणं मला पटत नाही. आणि प्लेटवर जिवाणू थांबले म्हणून काढा औषध ठरत नाही. तोच अर्क आपल्या पेशींनाही मारू शकतो. पोटातून रक्तात किती उतरेल, हे तर प्लेट सांगतच नाही.

आधी किमान किती अर्क लागतो ते मोजायचं. काल नळ्या लावल्या, प्रत्येक पुढच्या नळीत अर्क निम्मा. हिरव्या रंगात जिवाणू वाढल्याचा गढूळपणा दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन हे रंगद्रव्य घालणार. जिवाणू जिवंत असतील तिथे त्याचा निळा रंग गुलाबी होतो. मुलं सकाळी आठलाच येणार आहेत, कितव्या नळीपर्यंत निळं राहिलंय ते बघायला.